रोस्ट, रस्सा आणि वाटा

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, सर, तत्त्वज्ञान आटोपलं काय? गारगोटीत बसून क्युबातल्या बीफ रोस्टवर बोलायचं, हे थोडं चमत्कारिक दिसतं खरं. पण आपण इथं दर वेळी एखादी रोजची वस्तू घेतो आणि तिच्याकडे नीट बघतो. आज एक पातेलं घेऊ. त्यात एक मोठा मांसाचा तुकडा आहे आणि बाजूला चार-पाच भांडी आहेत. आपला प्रश्न एवढाच, की या जेवणात मुख्य काय आणि सोबतीचं काय? आणि ते ठरवतं कोण?

क्युबात या रोस्टचा एक प्रकार आहे, त्याचं नाव 'बोलीचे'. मराठी माणसाला ही षष्ठी विभक्ती वाटेल, कुणाच्या तरी बोलीचे काहीतरी. पण हा स्पॅनिश शब्द आहे. गुराच्या मागच्या मांडीतला एक लांबट, गोल, चरबी नसलेला तुकडा घेतात. त्याला मधोमध आरपार भोक पाडून त्यात चोरिसो, म्हणजे मसालेदार सॉसेज, भरतात. लसूण, जिरे, ओरेगानो आणि आंबट संत्र्याचा रस लावून तो रात्रभर मुरवतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाजूंनी तांबूस परततात आणि जड झाकणाच्या भांड्यात थोड्या रसात दोन-तीन तास मंद शिजवतात. मग चकत्या कापतात. प्रत्येक चकतीच्या मध्ये सॉसेजचा लाल टिळा दिसतो.

आता आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद कुठं सापडतो? फार लांब नाही. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरला की गोवा. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत अखंड तुकडा आलं-लसूण, मिरे, व्हिनेगर लावून मुरवतात, परततात, झाकून शिजवतात आणि गार झाल्यावर पातळ कापतात. गोव्याचा चोरिस आणि क्युबाचा चोरिसो ही तर सख्खी भावंडंच. क्युबा स्पेनकडे होता, गोवा पोर्तुगालकडे. एकाच द्वीपकल्पातली दोन स्वयंपाकघरं दोन टोकांना जाऊन राहिली. एकीला आंबटपणासाठी कडू-आंबट संत्रं मिळालं, दुसरीला माडाच्या ताडीचं व्हिनेगर.

याला रोस्ट म्हणतात, पण हे भाजणं नव्हे. निखाऱ्यावर भाजलेलं नाही, भरपूर पाण्यात उकडलेलंही नाही. हा मधला प्रकार आहे, आणि तो का निर्माण झाला हे समजून घेण्यासारखं आहे. मांडीचा स्नायू म्हणजे कामकरी स्नायू. जनावर आयुष्यभर त्याच्यावर चालतं, ओढतं. अशा स्नायूत कोलॅजन जास्त असतं, म्हणजे दोऱ्यासारखी चिवट प्रथिनं. नुसतं भाजलं तर ती आखडतात आणि मांस चामड्यासारखं होतं. पण ओलसर उष्णतेत, साठ-सत्तर अंशांच्या वर, ती हळूहळू विरघळून जिलेटिन बनतात. इथं 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा. जाळ वाढवून हे काम झपाट्याने होत नाही. मांस फक्त पाणी सोडतं आणि कोरडं पडतं. आंबट रसाबद्दलही एक गैरसमज आहे, की तो आत जाऊन मांस मऊ करतो. तो वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याचं खरं काम चवीचं. मीठ मात्र रात्रभरात बरंच आत जातं.

म्हणजे हा पदार्थ मुळात चिवट मांसाचा, काटकसरीचा. क्युबा हे उसाचं बेट. उसाच्या गाड्या ओढणारे बैल तिथंही होते, जसे आपल्या बिद्रीच्या कारखान्याच्या वाटेवर आपण पाहत आलो. कष्ट केलेल्या जनावराचं मांस जिभेला चालेल असं करायचं, त्यासाठी ही रीत.

आता बाजूची भांडी बघू. पांढरा भात. काळ्या घेवड्याची दाट उसळ. पिकलेल्या राजेळीसारख्या केळ्याच्या तळलेल्या चकत्या. उकडलेला कसावा, ज्याला ते युका म्हणतात, आणि त्यावर मोहो. मोहो म्हणजे काय? भरपूर तेल तापवायचं, त्यात ठेचलेला लसूण टाकायचा, वर आंबट संत्र्याचा रस ओतायचा, आणि ते चरचरतं कंदावर घालायचं. आपण याला फोडणीच म्हणू, दुसरं नाव द्यायची गरज नाही.

हिशेब करा. सहा माणसांना सव्वा किलोचा तुकडा घेतला तर शिजून तो किलोच्या आत येतो. माणशी तीन-चार चकत्या. त्या चकत्यांनी पोट भरत नाही. पोट भरतं भाताने, घेवड्याने, केळ्याने, कंदाने. आमंत्रण देताना मात्र कुणी म्हणत नाही, 'घेवडा खायला या.' म्हणतात, 'रोस्ट आहे.' नाव मांसाचं आणि भार सोबत्यांवर. आपल्याकडे वेगळं काय आहे? 'मटणाला या' म्हणायचं आणि माणूस उठतो तेव्हा पोटात चार भाकरी, रश्शाच्या वाट्यांवर वाट्या आणि शेवटचा भात असतो. फोडी मोजक्याच.

इथं थोडं पुस्तकी बोलायला परवानगी द्या. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस याने १९६५ च्या एका प्रसिद्ध निबंधात भाजणं आणि उकडणं यांत एक सामाजिक फरक मांडला. भाजलेलं मांस पाहुण्यांसाठी, उकडलेलं घरच्यांसाठी. भाजताना रस आगीत गळून वाया जातो, म्हणून ते उधळपट्टीचं, सरदारी. उकडताना सगळं पातेल्यात राहतं, म्हणून ते काटकसरीचं, सामान्यांचं. हा भेद आपल्यालाही जुना आहे. पाणिनीने एकाच सूत्रात शूल आणि उखा या दोन शब्दांची सोय लावली आहे: सळईवर भाजलेलं ते शूल्य आणि भांड्यात शिजवलेलं ते उख्य. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या भोजनाचं वर्णन आहे, त्यातही सळईवर भाजलेल्या मांसाचे प्रकार येतात. राजा आणि सळई ही जोडी तिथंही आहेच.

पण लेव्ही-स्ट्रॉस कोल्हापूरला आला असता तर त्याला जरा अडचण झाली असती. कारण आपल्याकडे पाहुण्याचा सर्वोच्च मान जो, तो उकडलेल्याचा. तांबडा आणि पांढरा रस्सा. ही जोडी होते कशी, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. मटण आधी कांदा, आलं-लसूण, मीठ आणि बेताची हळद घालून भरपूर पाण्यात शिजवतात. त्या पाण्याला म्हणतात अळणी. त्यात मीठ असतं, तरी नाव अळणी, भाषेची गंमत. हे अळणी म्हणजे मूळ भांडवल. त्यातलं काही घेऊन नारळाचं दूध, खसखस, काजू-तिळाचं वाटण आणि वेलची-लवंग-दालचिनी घातली की पांढरा रस्सा. उरलेल्यात भाजलेलं खोबरं, तीळ आणि कांदा-लसूण चटणी घातली की तांबडा. शिजलेल्या फोडी परतून सुकं मटण. आणि बाळंतिणीला, आजाऱ्याला, लहान पोराला ते अळणी तसंच. एका बोकडातून चार भांडी. काटकसर आणि मेजवानी एकाच पातेल्यात. लेव्ही-स्ट्रॉसच्या त्रिकोणात हे सरळ बसत नाही, आणि आम्हाला वाटतं त्रिकोणाचाच दोष आहे.

क्युबाच्या त्या पातेल्याकडे पुन्हा बघा. तेही दोन्हींच्या मधलं. तुकडा अखंड, चकत्या कापून वाढायच्या, म्हणजे थाट भाजण्याचा. पण रस भांड्यातच राहतो आणि भातावर ओतला जातो, म्हणजे व्यवहार उकडण्याचा.

तरीही एक मोठा फरक आहे. रश्शात पाणी वाढवता येतं. ऐनवेळी दहा माणसं जास्त आली तर आचारी एक घागर ओततो, मूठभर चटणी टाकतो, एक उकळी काढतो आणि पंगत निभते. रोस्टच्या चकत्या अशा वाढत नाहीत. चकती पातळ कापता येते, पण कापणाऱ्याच्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पहिली कुणाला, मधली कुणाला, टोकाची कुणाला. म्हणजे रोस्ट वाटप उघडं करतो आणि रस्सा ते झाकतो.

आपण कोल्हापूरकर रश्शाला मोठा समतावादी मानतो. गावच्या म्हाईला, आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला गल्लोगल्ली पातेली चढतात, सगळे एका रश्शावर जेवतात. वर्गणी काढून बोकड आणायचं आणि त्याचे वाटे घालायचे, ही तर वाटपाची शाळाच. प्रत्येक वाट्यात थोडी काळीज-कलेजी, थोडं हाड, थोडं मऊ, थोडं चिवट. वाटे समान झाले की नाही हे चार जाणती माणसं बघतात. हे सुंदर आहे, वादच नाही. पण तो वाटा घरी गेल्यावर काय होतं? फोडी आधी कुणाच्या ताटात पडतात? बापय आणि पोरं आधी बसायची, आलेले पाहुणे बसायचे. बायका शेवटी. तेव्हा पातेल्यात रस्सा असायचा. तळाशी एखादं हाड असलं तर नशीब. 'रस्सा सगळ्यांना' हे वाक्य खरं होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं. रश्शाने पोट भरतं, आणि फोड कुणाला मिळाली नाही हे दिसतही नाही. चकती मिळाली नाही तर ताट रिकामं दिसतं. आम्हाला विचाराल तर या एका बाबतीत रोस्ट रश्शापेक्षा प्रामाणिक.

आणि वाटपाची दुसरी रेषा तर त्याहून खोल. कुठलं जनावर कुणाच्या वाट्याला, ही ती रेषा. मेलेलं गुरं ओढून नेणं हे गावगाड्यात महारांवर लादलेलं काम होतं, आणि त्या जनावराचं मांस हा त्या कामाचा मोबदला समजला जायचा. ज्याला आपण आज 'बीफ' म्हणून हॉटेलच्या कार्डावर वाचतो, ते या मातीत शतकानुशतकं एका सक्तीचा भाग होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मृत जनावरांचं मांस सोडण्याचं आवाहन केलं ते याच कारणाने; आणि १९४८ च्या अस्पृश्यतेवरच्या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहासात शोधला. त्या स्वयंपाकाची कला मात्र फारशी कुणी नोंदवली नव्हती. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं मराठी वाचकांपुढे ठेवलं. त्यात चान्यांचा उल्लेख आहे: मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या, कारण जनावर एकदम मिळतं आणि भूक रोज लागते. पुस्तकाच्या नावातला तो 'अपूर्ण' शब्द आमच्या शास्त्रातल्या लोकांनी जरा थांबून वाचावा. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्याचं ताट भरलेलं असतं.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैल यांनाही लागू झाली. म्हैस आणि रेडा त्या बंदीत नाहीत. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं; माणसाच्या घरात काय शिजतं हा त्याच्या खाजगीपणाचा भाग आहे, असा त्यामागचा विचार. हे आपल्याला माहीत आहे. पण क्युबातही गाईचा कायदा आहे, हे किती जणांना माहीत आहे? क्रांतीनंतर गुरं सरकारी हिशेबात आली. स्वतःच्या गोठ्यातली गाय परवानगीशिवाय कापली तर अनेक वर्षांची कैद. इथं धर्माचा काही संबंध नव्हता. दूध मुलांना पुरावं, कळप टिकावा, हा हिशेब. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल मिळेना, तेव्हा तर शेतात ट्रॅक्टरच्या जागी पुन्हा बैल आले. २०२१ मध्ये नियम काहीसे सैल झाले. सरकारला ठरलेलं दूध-मांस दिल्यावर शेतकऱ्याला काही विकता येऊ लागलं. त्याच क्युबात 'उब्रे ब्लांका' नावाची एक गाय राष्ट्रीय अभिमान झाली होती. १९८२ साली तिने एका दिवसात १०९.५ लिटर दूध दिल्याची विक्रमी नोंद झाली. १९८५ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या शरीरात पेंढा भरून ते जतन करून ठेवलं. निरीश्वरवादी राज्याने गाईची मूर्ती करावी, यावर भाष्य नको. तुम्ही हसलात तेवढं पुरे.

परिणाम असा, की क्युबन रोस्ट आज क्युबातल्यापेक्षा फ्लोरिडातल्या मायामीत, देश सोडून गेलेल्यांच्या घरात, जास्त सहज शिजतो. बेटावर त्याच्या जागी बहुधा डुकराचं मांस असतं, किंवा नुसता भात आणि घेवडा. सोबती तेच राहिले, मुख्य म्हणवणारा निघून गेला, आणि तरी जेवण क्युबनच राहिलं. आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर यात बरंचसं आलं.

त्या सोबत्यांपैकी एकाबद्दल सांगायलाच हवं. युका, म्हणजे कसावा, हा मूळचा अमेरिका खंडातला कंद. क्युबात तो गोमांसाच्या शेजारी बसतो. आपल्याकडे त्याच कंदाच्या पिठीपासून तमिळनाडूत साबुदाणा होतो आणि तो गारगोटीत एकादशीला येतो. तिथं जो मांसाचा सोबती, तो इथं उपासाचा राजा! उलट गहू-तांदूळ इथले जुने, ते मात्र उपासाला वर्ज्य. मिरची तर त्याच खंडातली. क्युबाच्या स्वयंपाकाने तिचा तिखटपणा सोडून दिला आणि कोल्हापूरने तिच्यावर नाव कमावलं. शुद्ध-अशुद्ध हा गुण कंदात नसतो, कंद कुणाच्या शेजारी ठेवला त्यात असतो.

बरं, ज्यांना हे करून बघायचं त्यांच्यासाठी. रेड्या-म्हशीचं मांस ज्यांना चालतं आणि मिळतं त्यांनी मांडीचा अखंड तुकडा घ्यावा. बाकीच्यांनी बोकडाचा मागचा पाय अखंड मागावा. खाटीक आधी तोडायला सुरी उचलतो, त्याला थांबवावं लागतं. सव्वा किलोला दहा-बारा पाकळ्या लसूण, दोन चमचे भाजलेलं जिरं, चमचाभर मिरे आणि एक मोठा चमचा मीठ वाटून घ्या. ओरेगानो नसेल तर दारातल्या कुंडीतला पानओवा घ्या, पाच-सहा पानं. गंमत म्हणजे इंग्रजीत या पानओव्यालाच 'क्युबन ओरेगानो' म्हणतात. आंबट संत्र्याऐवजी दोन भाग संत्र्याचा आणि एक भाग लिंबाचा रस, मिळून दीड वाटी. तुकड्याला सुरीने खोल टोचे मारून हे सगळं लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी तुकडा निथळून पुसून घ्या, रस बाजूला ठेवा. ओला तुकडा तेलात टाकला तर तो वाफतो, तांबूस होत नाही. जड बुडाच्या पातेल्यात सगळ्या बाजू मिळून पंधरा मिनिटं परता. तो काढून त्याच तेलात दोन कांदे, एक ढोबळी मिरची, दोन टोमॅटो, एक तमालपत्र. मऊ झालं की तुकडा परत ठेवा, बाजूला ठेवलेला रस आणि पाणी तुकड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत ओता, झाकणावर वजन ठेवा. मंद आचेवर अडीच ते तीन तास, मध्ये एकदा उलटायचं. कुकरमध्ये तासाभरात होतं, पण रस पातळ राहतो, तो नंतर आटवावा लागतो. उतरवल्यावर वीस मिनिटं हात लावू नका. मग धाग्यांच्या आडवं कापा. उभं कापलं तर तीन तासांची मेहनत दातात अडकते.

घेवडा रात्री भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी दहा मिनिटं खळाखळा उकळा आणि मग मऊ होईतो शिजवा. कांदा, ढोबळी मिरची, लसूण, जिऱ्याची फोडणी. शेवटी चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर गूळ. गूळ आपला, ते साखर घालतात. केळी सालावर काळे डाग येईतो पिकू द्यायची, नाहीतर गोडी उतरत नाही. कसावा न मिळाल्यास रताळी उकडा आणि त्यावर लसणाची आंबट फोडणी घाला.

आणि वाढताना एक प्रयोग करा. पातेलं मधोमध ठेवा, चकत्या घरातल्या बाईने कापाव्यात, आणि तिने पहिली चकती स्वतःच्या ताटात घ्यावी. बाकीचे काय चेहरे करतात ते बघा.

उरलं तर दुसऱ्या दिवशी मांस हाताने दोऱ्या दोऱ्या सोडवून टोमॅटो-कांद्यात परतायचं. क्युबात अशाच उकडून पिंजलेल्या मांसाच्या एका पदार्थाला 'रोपा व्हिएखा' म्हणतात, म्हणजे जुने कपडे, कारण ते फाटक्या चिंध्यांसारखं दिसतं. त्यात आधी मांस उकडून त्याचं पाणी सूपला काढून घेतात आणि मग उरलेल्या मांसाचं हे करतात, अळणीचाच हिशेब. आम्ही ते ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्लं आहे. चांगलं लागतं, फक्त मिरची थोडी जास्त हवी.